चार आकडी समाधान

आमच्या गल्लीतला रस्ता कसल्याशा केबलसाठी उकरला, आणि त्यानंतर नळाला जे पहिलं पाणी आलं त्याला गटाराचा वास होता. आमचं गाव काकतीच्या पुढं, निपाणीच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या गावांना वाटेल, आपण सुटलो.

आमच्याकडं पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा बायका हातातलं काम टाकून धावतात. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, पण पाण्याच्या दिवशी पहिला तास कुणाच्या तरी गळ्यात मारून मीही घागरी भरत असते. त्या दिवशी सासूबाईंनी तोटीखाली ओंजळ धरली, नाकाशी नेली आणि तशीच मोरीत सोडून दिली.

"मेलेलं काय तरी हाय ह्याच्यात," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना आम्ही घरात आई म्हणतो. त्यांचं माहेर सांबऱ्याकडचं, शेतकरी घर. मी बेळगावातल्या वकिलाची मुलगी. स्वयंपाकात, कपड्यांत, देवाधर्मात आमचं फारसं पटत नाही. पण काही माणसं आणि काही कचेऱ्या केवळ तुच्छ मानण्याच्याच लायकीच्या असतात, याबद्दल आमचं पहिल्यापासून एकमत आहे. घर सासऱ्यांनी आईंच्या नावावर बांधलं होतं. त्यामुळं नळ त्यांच्या नावावर, आणि मुन्सिपाल्टीच्या दप्तरी मोबाईल नंबरही त्यांचाच. पुढचं सगळं रामायण त्या एका गोष्टीवरून घडलं.

मी शाळेतून येताना तक्रारीचा अर्ज घेऊन मुन्सिपाल्टीत गेले. तिथल्या माणसानं माझ्या हातातल्या कागदाकडं असं बघितलं, जसं मी ताडपत्र घेऊन आले आहे. "कागद घ्यायचं बंद झालं मॅडम. मोबाईलवर करा." मी तिथंच उभी राहून मोबाईलवर केली. लगेच आईंच्या फोनवर निरोप आला की तुमची तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. घरी आल्यावर मी तो वाचून दाखवला. आईंनी विचारलं, "मग येणार कवा?"

आले. थोड्याच दिवसांत एक कर्मचारी दारात हजर झाला. पण त्याच्याकडं कुदळ नव्हती, पाना नव्हता. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल आणि केस व्यवस्थित बसवलेले. त्यानं तोटीकडं बघितलंसुद्धा नाही.

"आज्जी, तुमच्या फोनवर चार आकडी नंबर आलाय बघा. तेवढा सांगा."

"कशाला?"

"कंप्लेंट बंद करायला."

"पाणी बघितलास?"

"बघतो की. लाईनमन येतोय मागनं. पहिला नंबर तर सांगा."

"पाणी चांगलं आलं की सांगतो म्हणावं."

"तसं न्हाय वो आज्जी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्यो नंबर म्हणजे तुमचं समाधान. तुमी नंबर दिला की तुमचं समाधान झालं, असं वरती दिसतंय."

"माझं समाधान माझ्याजवळ ऱ्हाऊ दे," आई म्हणाल्या. "तू तुझं काम कर जा."

नवी पद्धत आली होती. तक्रार आली की नागरिकाच्या फोनवर एक नंबर जायचा. काम मनासारखं झालं तरच नागरिकानं तो कर्मचाऱ्याला सांगायचा. त्यानं तो घातला की बेंगळुरूच्या कुठल्यातरी पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा: एक नागरिक समाधानी. म्हणजे खालच्या लोकांना परस्पर खोटं लिहिता येऊ नये, पुरावा लोकांच्या हातात असावा, असं कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं होतं. कल्पना वाईट नव्हती. वाईट असती तर आमच्याकडं ती नीट राबवली असती.

पाइप दुरुस्त करायचा तर रस्ता पुन्हा उकरावा लागतो. केबलच्या ठेकेदाराला जाब विचारावा लागतो, आणि त्याआधी तो ठेकेदार कुणाचा मेहुणा आहे हे आठवावं लागतं. म्हातारीकडून नंबर काढायला नुसतं आज्जी म्हणावं लागतं. कचेरीनं सोपा रस्ता धरला.

मग तो माणूस येतच राहिला. गल्लीतून दुसरीकडं कुठं चालला असेल तरी आमच्या कट्ट्यावर टेकायचा. आईंच्या गुडघ्याची चौकशी करायचा. कुठलं तेल चांगलं, कुठला वैद्य चांगला, हे सांगायचा. माझ्या नवऱ्यानं आपल्या आईच्या गुडघ्याची जन्मात एवढी विचारपूस केली नसेल. एकदा तर बेळगावहून मिठाई म्हणून कुंदा घेऊन आला. आईंनी कुंदा घेतला, त्याला चहा दिला आणि नंबर दिला नाही. चहा आम्ही विकतच्या पाण्याचा करायचो. तो आवडीनं प्यायचा.

"आज्जी, आज तरी सांगा की. आमच्या वॉर्डात तुमचीच एक कंप्लेंट लाल दिसतीया."

"पाणी लाल न्हाय, पिवळं येतंय," आई म्हणाल्या. "त्ये दिसतंय का वरती?"

त्याला हसू आलं. त्याचा मला फार राग यायचा, आणि तो चांगलं बोलायचा म्हणून जास्तच यायचा. त्याचं घर मराठी, कचेरीत तो कन्नड बोलायचा आणि साहेबांचा फोन आला की नुसतं 'सर, सर, सर' बोलायचा. तिन्ही भाषांत त्याला एकच काम येत होतं, समोरच्याला गप्प बसवणं.

एके दिवशी तो जीप घेऊन आला. जीपमधून त्याचे साहेब उतरले. त्यांनी गटारावरची फरशी ओलांडताना पँट किंचित वर धरली, हे मी खिडकीतून बघितलं. म्हणजे वास त्यांना येत होता. कट्ट्याशी उभं राहून ते आईंना कन्नडमध्ये म्हणाले की अज्जी, आमची अडचण समजून घ्या, आम्हाला वरून फार प्रेशर आहे. बाजारात भाजी घेऊन घेऊन आईंचं कन्नड तयार झालेलं. त्या कन्नडमध्येच म्हणाल्या, "तुम्हाला तरी वरून प्रेशर येतंय. आमच्या नळाला कधी येणार?"

साहेबांना यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी हात जोडले, जीपमध्ये बसले आणि गेले. पाइपकडं कुणी बघितलं नाही.

त्यानंतर आली ती पाहणी. लोक मुन्सिपाल्टीवर किती खूश आहेत हे मोजायला कुठल्यातरी कंपनीला काम दिलं होतं, आणि कंपनीनं एक विशीतली मुलगी उन्हातून दारोदार फिरायला लावली होती. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, हातात टॅब. तिला मराठी येत नव्हतं. प्रश्न कन्नडमध्ये होते, अडलं की ती हिंदीत सांगायची. त्या मुलीबद्दल माझी तक्रार नाही. मी तिला ताक दिलं, पंखा लावला आणि आईंची उत्तरं तिला कन्नडमध्ये सांगायला आईंच्या शेजारी बसले.

टॅबवर पाच तोंडं होती. अगदी रडक्यापासून अगदी हसऱ्यापर्यंत. मी हायस्कूलच्या मुलांच्या वहीतसुद्धा असली चित्रं काढायला लाजते. इथं पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांनी आपलं नागरिकत्व त्यावर बोट ठेवून दाखवायचं होतं.

"तक्रारीनंतर कर्मचारी तुमच्याकडं आले का?"

"आले की," आई म्हणाल्या.

"एकदा, की त्याहून जास्त?"

"लई वेळा."

मुलीनं अगदी हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

"त्यांचं बोलणं सौजन्याचं होतं का?"

"लई ग्वाड बोलतोय त्यो पोरगा. खोटं कशाला बोलू?"

पुन्हा अगदी हसरं तोंड.

"वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतः भेट दिली का?"

"जीप घिऊन आलते."

मुलगी थोडी चकित झाली. इतक्या चांगल्या सेवेचं घर तिला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटलं असावं. आई एकेक उत्तर खरं देत होत्या आणि एकेक खरं उत्तर मुन्सिपाल्टीच्या खिशात जाऊन पडत होतं. ते मला दिसत होतं, पण कुठं थांबवायचं ते कळत नव्हतं. खोटं सांगा म्हणू का?

शेवटचा प्रश्न होता, एकूण तृप्ती किती? कन्नडमध्ये समाधानाला असं तृप्ती म्हणतात. आईंना हसू आवरेना.

"तृप्ती जेवल्यावर हुत्या, पोरी. नळाच्या पाण्याला वास येतोय, त्येचा प्रश्न कुठं हाय?"

मी कन्नडमध्ये सांगितलं. मुलीनं टॅबवर पुढं-मागं करून बघितलं. पाणी वेळेवर येतं का, असा प्रश्न होता. बिल वेळेवर येतं का, असा होता. पाणी पिता येतं का, असा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. 'इतर' म्हणून एक रकाना होता. त्यात तिनं 'वास' असं लिहिलं, तर पुढचं पान उघडेना. पुसलं, तर उघडलं.

"मग शेवटच्याला रडकं तोंड लाव," मी म्हटलं.

तिनं बिचारीनं लावलं. टॅबनं क्षणभर विचार केला आणि आमच्या घराचा निकाल दिला: हसरं तोंड. बाकीच्या अगदी हसऱ्या तोंडांत एक रडकं मिसळून सरासरी काढली की तोंड हसरंच निघतं. हे गणित मी स्वतः मुलांना शिकवते. त्यात चूक काढता येईना, म्हणून मला जास्तच संताप आला.

आईंना मात्र त्याचं काही वाटलं नाही. "तोंडं त्येंची, हसू दे," त्या म्हणाल्या. "नंबर कुठं दिलोय आपण?"

माझा नवरा एका क्रेडिट सोसायटीत नोकरीला आहे. सज्जन माणूस. सज्जन म्हणजे ज्याला कुणाशीही वाईटपणा नको असतो, आणि त्यासाठी तो घरच्यांशी वाईटपणा घेतो. मुन्सिपाल्टीच्या माणसानं आता त्याला गाठायला सुरुवात केली होती. सोसायटीच्या काउंटरवर जाऊन उभा राहायचा, संध्याकाळी स्कूटरला आडवा यायचा. माझी पगारवाढ अडकलीय म्हणायचा, साहेब सगळ्यांच्या देखत बोलले म्हणायचा. एके सकाळी आई अंघोळीला गेल्या होत्या. नवऱ्यानं त्यांचा फोन उचलला, तो निरोप शोधला आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला नंबर वाचून दाखवला. मी डबा भरत होते. मला आवाज आला, पण कळेपर्यंत चारही आकडे गेले होते.

आई केस पुसत बाहेर आल्या तेव्हा फोन वाजला. निरोप आला होता. मीच वाचला. आपण समाधान व्यक्त केल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

आईंनी माझ्याकडं बघितलं, मग मुलाकडं.

"माझ्या फोनला हात लावलास व्हय?"

"आई, त्यो रडकुंडीला आलता. शब्द दिलाय त्यानं, ह्या आठवड्यात पाइप करतो म्हणून. आणि चार आकडे तर होते."

"चारच होते," आई म्हणाल्या. "तेवढंच होतं माझ्याकडं."

त्या ओरडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. जेवायला बसला की मला म्हणायच्या, "त्याला विचार, भाकरी पायजे काय." तो समोर बसलेला असायचा. मीही निरोप्याचं काम चोख करायची. दया येत होती, पण दाखवायची इच्छा नव्हती.

पाइपवाले आले नाहीत, हे सांगायला नको. मी पुन्हा तक्रार नोंदवायला गेले, तर मोबाईल घेईना. मुन्सिपाल्टीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी नळाचा क्रमांक घातला आणि पडदा माझ्याकडं वळवला. हिरवा ठिपका.

"ह्या नळाचं समाधान झालंय मॅडम."

"नळाचं झालं असेल. आमचं झालेलं नाही. पाण्याला अजून वास येतोय."

"पण नंबर दिलाय तुमी."

"नंबर दिला म्हणून पाणी साफ झालं का? तुम्ही या, एक पेला प्या."

"सिस्टीम घेत न्हाय मॅडम, मी काय करू? एका नळाला समाधान झालं की काय महिने नवीन घेत न्हाय."

माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरचा एक गृहस्थ उठून आला आणि हात खाली-वर करत म्हणाला, "समाधान माडकोळ्री मॅडम, समाधान माडकोळ्री."

कन्नडमध्ये याचा अर्थ शांत व्हा. रडणाऱ्या पोराला, भांडणाऱ्या बाईला, मयताच्या घरात असंच म्हणतात. लहानपणापासून दोन्ही भाषा ऐकत आले, पण हा शब्द दोघींनी असा वाटून घेतलाय हे माझ्या तोवर ध्यानात आलं नव्हतं. त्या कचेरीला आमच्याकडून कुठलं समाधान पाहिजे होतं ते तिथं उभ्या उभ्या कळलं. मराठीतलं नव्हे.

त्याच सुमारास शेजारच्या बाईला कावीळ झाली. ती घरी बसून ब्लाउज शिवते, गल्लीतल्या निम्म्या बायकांचे तिच्याकडंच. तिच्याकडं विकतचं पाणी यायचं नाही. वास जाईपर्यंत उकळायची आणि प्यायची, कधी घाईत न उकळताही. डोळे पिवळे झाले, मशीन बंद पडली. मागोमाग पलीकडच्या घरातला एक माणूस आडवा झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता?

आई शेजारणीच्या उशाशी जाऊन बसून आल्या. आल्या त्या घरात शिरल्याच नाहीत. गल्लीच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कोन येनार न्हाय आता. ऐतवारी समद्यांनी घरात ऱ्हावा. आपण उकरूया."

वर्गणी निघाली. सदलग्याकडचा एक प्लंबर मिळाला. रविवारी सकाळी मी दार उघडलं तर माझा नवरा आधीच बाहेर होता. शेजाऱ्याकडून कुदळ मागून आणली होती. जन्मात त्यानं कुदळ धरलेली नाही. बँकेतल्या पासबुकावर शिक्का मारावा तशी तो ती रस्त्यावर मारत होता. माणसं येऊन त्याच्या हातून काढून घेईपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले होते. नंतरही तो खड्ड्याच्या काठावरून हलला नाही, पाट्यांनी माती उचलत राहिला.

पाइप सापडला तो गटाराच्या बरोबर खाली. केबलवाल्यांनी खोदताना तो फोडला होता आणि फुटलेल्या जागेवर एक प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर माती लोटली होती. पिशवी कधीच सुटली होती. पाणी यायचं नाही त्या दिवशी गटार पाइपात शिरायचं, आणि पाणी यायच्या दिवशी ते आमच्या घागरीत यायचं. सगळ्या गल्लीनं वाकून बघितलं. प्लंबरनं तुकडा कापला, नवा बसवला. दुपारी जेवायच्या आत काम झालं. ज्या कामासाठी मुन्सिपाल्टीचा एक माणूस, एक साहेब, एक जीप, एक टॅब आणि बेंगळुरूचा एक पडदा राबत होता, ते एवढंच होतं.

खड्डा बुजवायच्या आधी मुन्सिपाल्टीचा तो माणूस स्कूटरवरून आला. कुणी कळवलं माहीत नाही. त्यानं खड्ड्यात डोकावलं, "छान केलासा," म्हणाला आणि मोबाईल काढून नव्या पाइपचे दोन-तीन फोटो घेतले.

"फोटो कशाला?" मी विचारलं.

"कामाचा पुरावा लागतोय मॅडम. हिरवं झालंय, पण फोटो राहिलता."

माझ्या नवऱ्यानं चिखलाचे हात कमरेवर ठेवले आणि त्याच्याकडं बघत राहिला. त्या फोटोंत नवऱ्याचा एक पाय नक्की आला असणार. तोही मुन्सिपाल्टीनं केलेल्या कामाचा पुरावा म्हणून कुठंतरी जपून ठेवलेला असेल.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला भाकरी मोडता येईना. आई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्याला सांग, हाताला खोबरेल लाव." मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी स्वतःच त्याचं ताट ओढून घेतलं, भाकरी आमटीत कुस्करली आणि ताट परत सरकवलं. "खा आता," त्या त्याला म्हणाल्या. तो मान खाली घालून खात राहिला.

पुढं एकदा तो मुन्सिपाल्टीचा माणूस पुन्हा आला. आता त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं, इस्त्रीचा शर्ट होता आणि हातात पेढ्यांचा पुडा. पगारवाढ झाली होती आणि वरच्या जागेवर बदलीही. आमच्या वॉर्डात लोकांचं समाधान सगळ्यांत जास्त निघालं होतं, असं त्यानंच सांगितलं. सांगताना त्याला काही वाटत नव्हतं. आईंना वाकून नमस्कार केला.

"तुमच्यामुळं झालं आज्जी."

आईंनी त्याला बसायला सांगितलं. मी आतून चहा आणला. आता चहा नळाच्याच पाण्याचा होता. त्यानं कप उचलला आणि क्षणभर तसाच धरला.

"तुझ्या घरात पाणी कसलं येतंय रं?" आईंनी विचारलं. नुसतं सहज, एखाद्याला पिकापाण्याचं विचारावं तसं.

"आमी नळाचं पीत न्हाय आज्जी," तो म्हणाला. "आमी कॅनचं आणतो. पहिल्यापासनंच."

"बरं करतास," आई म्हणाल्या.

त्यांनी पुडा सोडला, एक पेढा त्याला दिला, एक मला दिला. उरलेला पुडा दोऱ्यानं पुन्हा बांधला आणि मला शेजारी देऊन यायला सांगितलं. कावीळ उतरत असताना माणसाला गोड चालतं, म्हणाल्या.